वीस ग्रॅम खाण्याचा हिशोब

फिश टँकच्या दुकानात फिल्टर मागितला की समोरून पहिला प्रश्न येतो, “टाकी किती लिटरची?” उत्तर दिलं की त्या आकड्याला जुळणारा डबा मांडणीवरून खाली उतरतो. दोन फुटांच्या टाकीत चार गप्पी आणि सहा टेट्रा पोहत असतील तर एवढ्या चौकशीने भागतं. टाकी सहा फुटांची असली आणि तिच्यात वीतभराहून मोठे मासे असले, की हा प्रश्न अपुरा पडतो. हजार लिटर पाण्यात एकच गप्पी सोडला तर फिल्टरची फारशी गरज भासणार नाही. त्याच पाण्यात दहा मोठे मासे सोडले तर दुकानातला सगळ्यात महाग डबाही कमी पडेल. पाणी बिघडवतं ते खाणं. म्हणून मोठ्या टाकीसाठी घरी फिल्टर बांधायला घेताना पहिला प्रश्न हा: माशांना रोज किती ग्रॅम खाऊ घालणार?

या प्रकरणात आपण एका आकड्याचा माग शेवटपर्यंत काढणार आहोत. टाकी अशी धरू: सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. काठोकाठ भरली तर तिच्यात 24 घनफूट, म्हणजे सुमारे 680 लिटर पाणी मावतं. वरची दोन इंचं मोकळी सोडली, तळाची वाळू वजा केली आणि खालच्या फिल्टरच्या टाकीतलं पाणी मिळवलं, तर फिरतं पाणी साधारण 650 लिटर भरतं. मासे म्हणजे चार वाढलेले ऑस्कर. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला हा मासा आपल्याकडच्या हौशी मंडळींचा लाडका आहे. फूटभर वाढतो, खाऊ घालणारं माणूस ओळखतो आणि भरपूर खातो. चारही माशांचं मिळून वजन दोन किलो धरलं आणि वजनाच्या एक टक्का खाणं दिलं, तर रोजचे 20 ग्रॅम होतात.

खाणं जातं कुठे?

खाण्याच्या पाकिटावर प्रथिनांचं प्रमाण छापलेलं असतं. ते 35 टक्के असेल तर 20 ग्रॅममध्ये 7 ग्रॅम प्रथिनं आली. प्रथिनांच्या वजनात सुमारे 16 टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे इथे 1.12 ग्रॅम. त्यातला काही माशाच्या अंगी लागतो, काही विष्ठेतून जातो, आणि निम्म्याहून थोडा अधिक अमोनियाच्या रूपाने पाण्यात उतरतो. मत्स्यपालनातले अभियंते यासाठी एक सोपं सूत्र वापरतात: खाण्याचे ग्रॅम, गुणिले प्रथिनांचा अंश, गुणिले 0.092. आपल्या टाकीचं उत्तर येतं रोज 0.64 ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन.

हा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर पडतो. म्हणून विष्ठा आणि उरलेलं खाणं कितीही तत्परतेने काढलं तरी तो पाण्यात येतोच. विरघळलेला असल्याने तो स्पंजात अडकत नाही आणि डोळ्यांना दिसत नाही. काचेसारखं नितळ पाणी माशांना मारू शकतं, याचं कारण हेच.

650 लिटर पाण्यात 0.64 ग्रॅम म्हणजे दर लिटरला जवळजवळ 1 मिलिग्रॅम, आणि तेही रोज नव्याने. हे प्रमाण किती घातक ते पाण्याच्या पीएचवर ठरतं. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. एक विद्युतभारित आणि बराच सौम्य, दुसरं मुक्त आणि जहाल. 25 अंश सेल्सिअसला पीएच 7 असेल तर एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याहून थोडाच जास्त भाग जहाल रूपात असतो. पीएच 8 झाला की तोच भाग पाच टक्क्यांच्या वर जातो. धरणाच्या मऊ पाण्यात जेवढा अमोनिया मासे सोसतात, तेवढाच बोअरच्या जड पाण्यात त्यांचे कल्ले जाळू शकतो. म्हणून आपल्या नळाला कुठलं पाणी येतं हे फिल्टरच्या आराखड्याआधी तपासून घ्यावं.

बाप-लेक वॉरिंग्टन

या अमोनियाचं पुढे काय होतं, हे माणसाला उमगायला वेळ लागला. 1850 साली लंडनच्या अपोथेकरीज हॉलमधला रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने आपल्या एका प्रयोगाचं टिपण प्रसिद्ध केलं. त्याने काचेच्या भांड्यात दोन लहान गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि तिची कुजकी पानं फस्त करणाऱ्या गोगलगायी ठेवल्या. पाणी न बदलताही मासे जगले. मासे जो वायू सोडतात तो वनस्पती घेते आणि उजेडात प्राणवायू परत देते, हा त्या प्रयोगाचा गाभा. घरात मत्स्यालय ठेवण्याची कल्पना अशा प्रयोगांतून फोफावली. हिशोबात मात्र एक भागीदार राहून गेला होता.

1877 साली पॅरिसमध्ये थेओफिल श्लोएसिंग आणि आशिल म्युंत्झ या दोघांनी वाळू आणि चुनखडीची भुकटी भरलेल्या लांब नळीतून सांडपाणी थेंबाथेंबाने झिरपू दिलं. पहिले वीस दिवस खालून निघणाऱ्या पाण्यात अमोनिया जसाच्या तसा होता. त्यानंतर नायट्रेट दिसू लागलं आणि अमोनिया नाहीसा होत गेला. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, आणि नायट्रेट बनणं थांबलं. निव्वळ रासायनिक क्रिया असती तर क्लोरोफॉर्मने ती अडली नसती. वाळूत काहीतरी जिवंत होतं, आणि ते कामाला लागायला तीन आठवडे लागले होते.

त्याच काळात इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड इथल्या कृषिसंशोधन केंद्रात एक रसायनशास्त्रज्ञ याच प्रश्नामागे लागला. त्याने दाखवलं की हे काम दोन टप्प्यांत होतं आणि दोन्ही टप्प्यांचे कामकरी वेगवेगळे असतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. या संशोधकाचं नावही रॉबर्ट वॉरिंग्टन. 1850 च्या वॉरिंग्टनचा हा मुलगा. बापाच्या भांड्यात नजरेआड राहिलेल्या भागीदारापर्यंत पोहोचण्यात मुलाचा असा मोठा वाटा आहे. पुढे 1890 च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्स्की याने झुरिचमध्ये हे जिवाणू वेगळे करून दाखवले.

हे संशोधन अजून थांबलेलं नाही. नायट्राइटचं नायट्रेट करणारा जिवाणू म्हणून कित्येक वर्षं पुस्तकांत नायट्रोबॅक्टरचं नाव छापलं जायचं. 1998 साली टिमोथी होवानेक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की गोड्या पाण्याच्या मत्स्यालयांत हे काम नायट्रोस्पिरा गटाचे जिवाणू करतात. 2015 साली तर अमोनियापासून थेट नायट्रेटपर्यंतचा सगळा प्रवास एकट्याने करणारे नायट्रोस्पिरा सापडले. ते ज्या ठिकाणी सापडले त्यांतलं एक होतं मत्स्यपालनाच्या टाक्यांना जोडलेला फिल्टर.

फिल्टर बांधणाऱ्याला या इतिहासातून कामाच्या गोष्टी मिळतात. आपण जे बांधतो ती या जिवाणूंची राहण्याची जागा असते. त्यांना चिकटायला पृष्ठभाग लागतो, श्वासाला प्राणवायू लागतो आणि वाढायला आठवडे लागतात. यातलं काहीही पैसे देऊन कमी करता येत नाही. म्हणून घरी बांधलेला मोठा, उघडा, साधा फिल्टर बाजारातल्या छोट्या, बंद, महाग फिल्टरला मागे टाकू शकतो.

जागा किती लागेल?

पाणी गरम असलं, प्राणवायू भरपूर असला, तर जिवाणूंचा एक चौरस मीटर थर दिवसाला बराच अमोनिया पचवतो. पण चांगल्या टाकीत अमोनिया जवळजवळ शून्य ठेवायचा असतो, आणि एवढ्या विरळ अमोनियावर जिवाणूंचा वेग मंदावतो. म्हणून सावध आकडा घेऊ: दिवसाला चौरस मीटरमागे 0.1 ग्रॅम. आपल्या 0.64 ग्रॅमसाठी 6.4 चौरस मीटर पृष्ठभाग लागेल. ही झाली आठ फूट बाय साडेआठ फूट खोलीची फरशी. ती दुमडून बादलीत बसवायची आहे.

बसवणं अवघड नाही. नॉर्वेत 1980 च्या दशकाच्या अखेरीस प्राध्यापक हॉलवर्ड ओडेगार्ड आणि काल्डनेस या कंपनीने सांडपाण्यासाठी प्लॅस्टिकच्या छोट्या चाकांचं माध्यम विकसित केलं. चाकाच्या आत आऱ्या असतात, जिवाणू आतल्या बाजूंवर वाढतात, आणि बाहेरची बाजू एकमेकांवर घासून साफ राहते. के-1 नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चाकांचा संरक्षित पृष्ठभाग घनमीटरला सुमारे 500 चौरस मीटर भरतो, म्हणजे लिटरला अर्धा चौरस मीटर. आपल्याला 13 लिटर चाकं पुरतील. मासे वाढतील, कधी खाणं जास्त पडेल, म्हणून 25 लिटर घ्यावीत. ही चाकं आपल्याकडे सहज मिळतात, कारण मुंबई-पुण्यातल्या कितीतरी गृहसंकुलांची सांडपाणी प्रक्रिया केंद्रं याच पद्धतीवर चालतात. या केंद्रांना माल पुरवणाऱ्यांकडे ‘एमबीबीआर मीडिया’ मागावा.

चाकं मिळाली नाहीत तरी अडत नाही. भांडी घासायच्या प्लॅस्टिकच्या घासण्या उत्तम चालतात. फक्त त्या साबण लावलेल्या नसाव्यात आणि त्यांत धातूची तार नसावी. खरखरीत स्पंज, सिरॅमिकच्या नळ्या, मातीच्या कुंडीचे तुकडे, चांगल्या भाजलेल्या विटांचे रोडे हेही वापरता येतात. विटेला चुना किंवा सिमेंट चिकटलेलं नको, कारण त्याने पीएच चढतो. संशय आला तर दगडावर व्हिनेगर टाकून पाहावं. फेस आला तर त्यात चुना आहे. दख्खनच्या काळ्या दगडात भोकं दिसतात म्हणून तो गोळा करण्याचा मोह होतो. पण त्यातली बहुतेक भोकं झिओलाइट आणि कॅल्साइटच्या स्फटिकांनी भरलेली असतात. जिवाणूंना तिथे रिकामी जागा फारशी मिळत नाही, आणि कॅल्साइट पाणी जड करतं.

प्राणवायूची तूट

एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं पूर्ण नायट्रेट व्हायला 4.57 ग्रॅम प्राणवायू लागतो. आपल्या 0.64 ग्रॅमला रोज 2.9 ग्रॅम लागेल. आता टाकीत प्राणवायू आहे किती? 28 अंशांना पाणी लिटरला फार तर 7.8 मिलिग्रॅम प्राणवायू धरतं. 650 लिटरांत तो 5.1 ग्रॅम भरतो. म्हणजे टाकीत एका वेळी मावणाऱ्या प्राणवायूपैकी निम्म्याहून अधिक प्राणवायू दिवसभरात जिवाणूच घेणार, आणि माशांचा श्वास वेगळाच. उन्हाळ्यात पाणी तापलं की ते प्राणवायू आणखी कमी धरतं. हवेतून सतत भरपाई होत राहिली तरच हे गणित जुळतं.

इथे उघड्या फिल्टरचा मोठा फायदा होतो. एक घनमीटर हवेत सुमारे 270 ग्रॅम प्राणवायू असतो, एक घनमीटर पाण्यात आठ ग्रॅमच्या आसपास. पाणी हवेतून थेंबाथेंबाने, पातळ थरांत खाली येऊ दिलं तर जिवाणूंना प्राणवायूचा तोटा राहत नाही. यासाठी स्वयंपाकघरातल्या एकावर एक बसणाऱ्या जाळीच्या प्लॅस्टिक टोपल्या पुरतात. चार टोपल्यांचा मनोरा करायचा. सगळ्यात वर पाच मिलिमीटरची भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा ट्रे ठेवायचा, म्हणजे पाणी एकाच जागी न कोसळता सगळीकडे सारखं पसरेल. पहिल्या टोपलीत खरखरीत स्पंज आणि त्याखाली उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा रेशा, खालच्या तिन्ही टोपल्यांत घासण्या किंवा सिरॅमिकच्या नळ्या. घाण अडवणारं वर आणि जिवाणूंचं घर खाली, हा क्रम कधी उलटू नये. जिवाणूंच्या घरावर गाळ बसला की त्यांची जागाही जाते आणि हवाही.

चाकं वापरायची असतील तर ती पाण्यात बुडालेली ठेवून खालून हवेच्या पंपाने घुसळत ठेवावी लागतात. दोन्ही पद्धती चांगल्या. ज्या गावांत भारनियमन असतं तिथे मनोरा अधिक भरवशाचा. वीज गेली तरी टोपल्यांतलं माध्यम काही तास ओलं राहतं आणि भोवती हवा असते. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये मात्र साठलेल्या पाण्यातला प्राणवायू जिवाणू संपवतात आणि मग गुदमरतात. वीज आल्यावर तेच कुजकं पाणी टाकीत जातं.

खालची टाकी आणि नळ

हौशी लोक ज्याला ‘सम्प’ म्हणतात ती मोठ्या टाकीखाली स्टँडमध्ये ठेवलेली दुसरी टाकी. वरचं पाणी आपल्या वजनाने खाली येतं, फिल्टर होतं, आणि पंप ते परत वर चढवतो. आपल्यासाठी तीन फूट बाय दीड फूट बाय दीड फूट काचेचा सम्प घेऊ. त्यात दहा इंच पाणी ठेवलं तर ते 106 लिटर भरतं.

आत दोन आडव्या काचा लावून तीन कप्पे करायचे. पहिला आठ इंचांचा, तिथे वरचं पाणी उतरतं आणि गाळ बसतो. मधला सोळा इंचांचा, त्यात 47 लिटर पाणी मावतं. 25 लिटर चाकं तिथे मोकळी घुसळू शकतात, किंवा तिथेच, पाण्याच्या पातळीच्या वर, टोपल्यांचा मनोरा उभा राहतो. मनोरा असेल तर वरचा नळ थेट त्याच्या ट्रेवर सोडायचा. तिसरा बारा इंचांचा, पंपाचा. चाकं पंपाकडे वाहून जाऊ नयेत म्हणून मधल्या कप्प्याच्या तोंडाशी जाळी हवी.

पाणी खाली आणण्यासाठी टाकीच्या मागच्या काचेला वरच्या बाजूला दोन भोकं पाडून टँक निपल बसवायचे आणि दीड इंची यूपीव्हीसी पाइप जोडायचे. भोकं टाकी भरण्याआधीच पाडून घ्यावीत. काच टफन केलेली असेल तर तिला भोक पाडता येत नाही, ती फुटते. हे काचवाल्याकडून आधी खात्रीने विचारून घ्यावं. दोन पाइपांपैकी एकावर व्हॉल्व्ह लावायचा आणि तो हळूहळू बंद करत पाइप पाण्याने पूर्ण भरून वाहील असा जुळवायचा. हवा ओढणारा पाइप रात्रभर गुळगुळ आवाज करतो. भरून वाहणारा पाइप शांत असतो. दुसरा पाइप थोडा वरच्या पातळीवर, पूर्ण मोकळा. त्याच्यावर कधीही व्हॉल्व्ह लावू नये. पहिल्यात गोगलगाय किंवा पान अडकलं तर पंपाचं सगळं पाणी त्याने एकट्याने खाली नेलं पाहिजे.

आता दोन परीक्षा. दोन्ही कागदावर सोडवून मगच नळ चिकटवायचे.

पहिली, वीज गेली तर? पंप थांबला की वरची टाकी भोकांच्या पातळीपर्यंत रिकामी होते. आपल्या टाकीत एका इंचाला बरोबर एक घनफूट, म्हणजे 28 लिटर पाणी आहे. एक इंच आणि पाइपांतलं पाणी मिळून 35 लिटर खाली येईल. सम्पमध्ये वर आठ इंच मोकळे आहेत, त्यात 85 लिटर मावतात. पास. पण परत जाणाऱ्या पाइपचं तोंड वरच्या टाकीत खोल बुडालेलं असेल तर वीज गेल्यावर तो उलटा वाहू लागतो आणि तोंडापर्यंतचं सगळं पाणी खाली ओढतो. म्हणून त्या पाइपला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली छोटं भोक पाडायचं. पातळी उतरली की त्यातून हवा शिरते आणि ओढ तुटते. हे भोक शेवाळाने बुजतं, तेव्हा दर महिन्याला काडीने साफ करायचं.

दुसरी, दोन्ही नळ तुंबले तर? पंप आपल्या कप्प्यातलं पाणी वर ढकलत राहील. आपल्या पंपाच्या कप्प्यात 35 लिटर आहेत आणि वर दोन इंचांची, म्हणजे 56 लिटरांची मोकळी जागा. कप्पा कोरडा पडेल, पण घरात पाणी होणार नाही. हाच नियम लक्षात ठेवावा: पंपाच्या कप्प्यातलं पाणी वरच्या मोकळ्या जागेपेक्षा कमी असावं. बाष्पीभवनाने घट होते तीही याच कप्प्यात दिसते, म्हणून इथल्या काचेवर रेघ मारून रोज त्या रेघेपर्यंत पाणी भरावं.

पंप तासाला साधारण 3000 लिटर पाणी प्रत्यक्ष वर चढवणारा हवा. डब्यावर छापलेला आकडा शून्य उंचीचा असतो. चार-साडेचार फूट चढवताना तो बराच उतरतो, म्हणून छापील 5000 लिटरचा पंप घ्यावा लागतो. तो 50 वॉटचा असेल तर महिन्याला 36 युनिट वीज खातो. पंप चोवीस तास चालणार, तेव्हा विकत घेतानाच वॉट पाहावेत.

वजन, वीज आणि विष

650 किलो पाणी, बारा मिलिमीटर काचेचं सव्वाशे किलो, वाळू, स्टँड आणि सम्प धरून हे ओझं सहज 900 किलोंच्या पुढे जातं, आणि ते बारा-तेरा चौरस फुटांवर उभं राहतं. भारतीय मानकांनुसार राहत्या खोलीच्या जमिनीवरचा भार चौरस मीटरला 200 किलोच्या आसपास धरलेला असतो. त्यामुळे वरच्या मजल्यावर टाकी नेहमी भिंतीलगत, तुळईच्या आधारावर आणि शक्यतो तुळयांना आडवी ठेवावी. जुन्या इमारतीत अभियंत्याला दाखवल्याशिवाय ठेवू नये.

प्रत्येक तारेला प्लगकडे जाण्याआधी खाली झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता जमिनीवर टपकेल. अर्थिंग तपासलेलं हवं, आणि या जोडणीवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. टाकीत हात घालण्याआधी पंप बंद करायची सवय घरातल्या सगळ्यांना लावावी.

काच जोडायला बुरशीनाशक घातलेलं बाथरूमचं सिलिकॉन चालत नाही. मत्स्यालयाचं सिलिकॉन घ्यावं आणि ते पूर्ण वाळू द्यावं. पितळी तोट्या, तांब्याच्या नळ्या, जस्ताचा मुलामा दिलेले सांधे नकोत. तांबं आणि जस्त अगदी थोडं उतरलं तरी पाण्यातल्या जिवांना अपाय करतं. सम्पसाठी काचेऐवजी निळा प्लॅस्टिकचा ड्रम वापरायचा तर त्यात आधी काय होतं ते ठाऊक असलेलाच घ्यावा.

मासे आणण्याआधीचे आठवडे

सगळं जोडून झालं की माशांविना पाणी चालू करायचं. पहिल्या दिवशी गळती पाहायची, मग मुद्दाम वीज बंद करून पातळी कुठे थांबते ते पाहायचं, मग एक पाइप मुद्दाम बुजवून दुसरा पाणी पेलतो का ते पाहायचं. नळाच्या पाण्यातला क्लोरिन आधी घालवावा. मोकळा क्लोरिन हवा देत ठेवला तर साधारण एका दिवसात उडतो. छायाचित्रकार ज्याला हायपो म्हणायचे ते सोडियम थायोसल्फेट त्याला लगेच निष्प्रभ करतं.

त्यानंतर जिवाणूंना खाऊ घालायचं. रोज थोडं माशांचं खाणं टाकून कुजू द्यावं किंवा अमोनियाचं द्रावण लिटरला 2 मिलिग्रॅम होईल एवढं घालावं. थेंबांच्या चाचणीसंचाने आधी अमोनिया चढताना दिसेल. मग तो उतरू लागेल आणि नायट्राइट चढेल. नायट्राइट माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेतं आणि रक्त तपकिरी होतं, म्हणून या टप्प्यात मासे सोडू नयेत. अखेर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येतील आणि नायट्रेट वाढत राहील. याला चार ते सहा आठवडे लागतात. पॅरिसच्या नळीतले वीस दिवस इथेही चुकत नाहीत. ओळखीच्या निरोगी टाकीतला मुरलेला स्पंज ओला असतानाच आणून ठेवला, तर मुदत बरीच कमी होते. त्या स्पंजाबरोबर तिथला रोगही येतो, म्हणून टाकी निरोगी असल्याची खात्री हवी.

फिल्टर जे करू शकत नाही

फिल्टर अमोनियाचं नायट्रेट करतो, पण नायट्रेट तिथेच राहतं. आपल्या 20 ग्रॅम खाण्यातून रोज लिटरला 4.4 मिलिग्रॅम नायट्रेट साठतं, आठवड्याला 31. दर आठवड्याला निम्मं पाणी बदललं तरी ते 31 आणि 62 यांच्यामध्ये खालीवर होत राहील. सम्पच्या काठावर मनी प्लांटची मुळं पाण्यात सोडली तर तो यातलं काही शोषतो. सगळं नाही.

दुसरी झीज पीएचची. अमोनिया पचवताना जिवाणू पाण्यातली अल्कता वापरतात, एक ग्रॅममागे चुनखडीच्या हिशोबाने 7.14 ग्रॅम. आपल्या टाकीत रोज 4.6 ग्रॅम जाते. पाण्याची अल्कता लिटरला 50 मिलिग्रॅम असेल तर पूर्ण टाकीत 32.5 ग्रॅम होते, आणि ती सातव्या दिवशी संपते. मग पीएच एकदम कोसळतो आणि जिवाणू काम थांबवतात. पाणी बदलल्याने ही तूट भरून येते. मऊ पाण्याच्या गावात खाण्याचा सोडा मोजून, थोडा थोडा घालता येतो.

तिसरी गोष्ट गाळाची. स्पंजात अडकलेली घाण पाण्यातच असते आणि तिथेच कुजते. ती बाहेर काढून टाकली तरच पाणी साफ होतं. म्हणून वरचा रेशा आणि स्पंज दर आठवड्याला धुवावेत. जिवाणूंच्या टोपल्या मात्र क्वचितच, त्याही टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच हलवून. नळाखाली धरल्या तर क्लोरिन महिन्याभराची कमाई मिनिटभरात नासवतो.

आता समजा ऑस्कर आणखी वाढले आणि खाणं 30 ग्रॅमवर गेलं. अमोनिया 0.97 ग्रॅम होईल. त्याला 9.7 चौरस मीटर, म्हणजे 20 लिटरहून थोडी कमी चाकं लागतील. आपण 25 ठेवली आहेत, फिल्टर टिकेल. पण आठवड्याचं नायट्रेट 46 मिलिग्रॅमवर जाईल, निम्मं पाणी बदलूनही वरची पातळी 92 ला टेकेल, आणि अल्कता पाचव्याच दिवशी संपेल. चाकं वाढवून यातलं काहीही सुधारत नाही. अशा वेळी एक मासा मोठी टाकी असलेल्या जबाबदार हौशी माणसाला द्यावा, किंवा आठवड्यातून दोनदा पाणी बदलायची तयारी ठेवावी. माशाला नदी-तळ्यात सोडणं हा पर्याय नाही. परदेशी मासे तिथल्या मूळच्या माशांचं अन्न आणि जागा बळकावतात.

हा हिशोब करायला स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि पाकिटावरचा प्रथिनांचा आकडा पुरतो. तो ज्याने एकदा केला त्याला आपल्या टाकीची मर्यादा नेमकी ठाऊक असते. आणि ज्याने प्रत्येक सांधा स्वतः जोडला, त्याला मध्यरात्री पाणी ओघळताना दिसलं तर कुठला व्हॉल्व्ह आधी बंद करायचा हेही ठाऊक असतं. टाकीतल्या जिवांची जबाबदारी घेणाऱ्या माणसाला या दोन्ही गोष्टी माहीत असायला हव्यात.